ख्रिस्ती दानधर्म व शासकीय कल्याणव्यवस्था
ख्रिस्ती दानधर्म व शासकीय कल्याणव्यवस्था : गरजूंना द्यावयाचे साहाय्य दात्याच्या स्वेच्छेवर सोपवावे, की कर व कायदा यांद्वारे शासनाने ते बंधनकारक करावे, या प्रश्नासंबंधीचा ख्रिस्ती विचार व त्याची महाराष्ट्रातील वाटचाल.

दोन्ही मतांना बायबलचाच आधार घेतला जातो. दान सक्तीने नव्हे, तर संतोषाने व्हावे, अशी पौलाची शिकवण आहे. उलटपक्षी, शेतातील सरवा गरिबांसाठी राखून ठेवणे हे मोशेच्या नियमशास्त्राने कर्तव्यच ठरविले होते. इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्याने गरिबांच्या पोषणासाठी सक्तीचा कर लागू झाला. अशा करामुळे दात्याची करुणा व घेणाऱ्याचे स्वावलंबन दोन्ही आटतात, असे मानून स्कॉटिश धर्मोपदेशक टॉमस चाल्मर्स (१७८०–१८४७) यांनी १८१९ पासून ग्लासगोतील आपल्या पॅरिशचा कारभार केवळ ऐच्छिक देणग्यांवर चालविला. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या परिपत्रकात आत्यंतिक निकडीचा प्रसंग वगळता दान हे प्रीतीचे कर्तव्य मानले. ते कायद्याने लादता येत नाही. मात्र दुर्बळांचे संरक्षण शासनाने केले पाहिजे, असेही त्यांनी प्रतिपादिले.

महाराष्ट्रात या प्रश्नाची कसोटी १८९६-९७ व १८९९-१९०० च्या दुष्काळांत लागली. १८८० च्या दुष्काळ आयोगाने लोकांना उपासमारीपासून वाचविणे हे शासनाचे कर्तव्य मानले होते. तथापि मदत मुख्यतः दुष्काळी कामांवरील मजुरीच्या रूपाने मिळे. अनाथांचे पालन, जाहीर मदत घेण्यास संकोचणाऱ्या कुटुंबांना साहाय्य आणि शेतकऱ्यांना बी-बियाणे व बैल पुरविणे ही कामे सार्वजनिक वर्गणीच्या निधीकडे सोपविली गेली. खानदेशात तत्कालीन पिंपळनेर तालुक्यासारख्या (सध्याचा साक्री तालुका) डोंगराळ भागांतील भिल्ल लोक घर सोडून दूरच्या कामांवर जाण्यास नाखूष असत. कायदा असूनही मदत सर्वांपर्यंत पोहोचतेच असे नाही, हे अशा भागांत दिसून आले.

ही उणीव भरून काढण्याचा प्रयत्न मिशनांनी केला. पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांनी १८९७ मध्ये मध्य प्रांतातून सुमारे ३०० मुली व स्त्रिया आणून केडगाव (जि. पुणे) येथे आश्रय दिला. सरकारी मदतकेंद्रांतील स्त्रियांच्या असुरक्षिततेवर त्यांनी कठोर टीका केली. अहमदनगर येथील अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ॲलन ह्यूम यांना दुष्काळकार्याबद्दल सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. परंतु ऐच्छिक दानालाही स्वतःची मर्यादा होती. अन्नाबरोबर धर्मांतरही येते, असा आक्षेप तेव्हापासून घेतला गेला. भुकेल्याची निवड कितपत स्वतंत्र असते, हा त्यामागील प्रश्न गंभीर होता. दाता ज्याला निवडील त्यालाच दान मिळते. हक्क मात्र सर्वांना सारखा असतो.

पुढे हा हक्क कायद्यात आला. १९७२-७३ च्या अवर्षणाच्या अनुभवानंतर महाराष्ट्राने १९७७ मध्ये रोजगार हमी अधिनियम संमत केला. मागेल त्याला काम देणे हे शासनाचे दायित्व ठरले व त्याच्या खर्चासाठी व्यवसायकरासारखे कर बसविण्यात आले. धर्मदाय संस्थांवरही बंधने आली. सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यातील तरतूद व मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मान्य केलेली योजना यांनुसार धर्मदाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दराने राखाव्या लागतात. दयाभावातून उभ्या राहिलेल्या संस्थेचे औदार्य अशा रीतीने कायद्याने मोजले जाऊ लागले.

दोहोंचा मेळ घालण्याचे प्रयत्नही झाले. अहमदनगर (अहिल्यानगर) जिल्ह्यात स्विस जेझुइट हेर्मान बाखर यांच्या प्रेरणेने विकसित झालेल्या पाणलोट कार्यक्रमात सार्वजनिक निधीला ग्रामस्थांच्या श्रमदानाची जोड अनिवार्य होती. येथे गरजू हा केवळ घेणारा न राहता देणाराही झाला. कर व कायदा यांमुळे मदतीची हमी मिळते; शेजाऱ्याविषयीची आस्था मात्र कायद्याने निर्माण होत नाही. म्हणूनच बहुतेक ख्रिस्ती विचारवंत या दोन मार्गांना परस्परपूरक मानतात. त्यांच्या सीमारेषेबद्दल मात्र त्यांच्यात मतैक्य नाही.