ठाकुर्लीची वीज, मीटरचा काटा

ठाकुर्लीचे चोळा वीजघर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेने उभारले ते विजेवरच्या गाड्यांसाठी. तिथे तयार होई एसी. गाडीला मात्र लागे 1500 व्होल्टची डीसी. रूपांतर उपकेंद्रांत होई.

मोजायची तऱ्हाही दोन्हींची वेगळी. कायम चुंबक आणि फिरती गुंडाळी असलेला मीटर डीसी नेमकी दाखवतो, पण थेट एसी दिली की काटा शून्यापाशीच थरथरतो. फिरत्या लोखंडाच्या मीटरला प्रवाहाच्या दिशेची पर्वा नाही, म्हणून एसीला तो चालतो. डोंबिवलीच्या चाळींतल्या जुन्या वीजमीटरची फिरती अ‍ॅल्युमिनियम चकती निराळीच: अभियंता ब्लाथीच्या 1889च्या मीटरची वंशज.

स्वस्त मल्टिमीटर एसी एकदिश करून तिची सरासरी काढतो आणि 1.11ने गुणतो. साइन लहरीला हे ठीक. एलईडी दिव्यांच्या वेड्यावाकड्या प्रवाहाला खरे प्रभावी मूल्य मोजणारा ट्रू आरएमएस मीटरच हवा.