हजार पुस्तकं लिहिली, पण पहिलं कोणतं वाचायचं?

मालेगावातून बोलतोय. मागे खटाखट आवाज येत असेल तर हेडफोन बदलू नका, तो आमच्या गल्लीतल्या यंत्रमागांचा आहे. आज शुक्रवार नाही, त्यामुळे तो थांबणारही नाही.

आजचा एपिसोड एका साध्या प्रश्नावरून सुचला. मला बाबूराव अर्नाळकर वाचायचे होते. घरात हे नाव लहानपणापासून ऐकलेलं. आजोबा सांगायचे, "आम्ही भूगोलाच्या पुस्तकात लपवून झुंजार वाचायचो." म्हटलं, चला, आपणही वाचून बघू. एका जुन्या वाचनालयात गेलो. तिथले काका हसले. म्हणाले, "अरे बाळा, ती पुस्तकं एवढी फिरली की आधी कव्हर गेलं, मग पहिली पानं गेली, मग शेवटची गेली. शेवटचं पान नसलेली रहस्यकथा कोण नेणार? गेली रद्दीत."

मी विचारलं, "बरं काका, कुठूनतरी मिळवायचंच म्हटलं, तर कोणतं मिळवू? सगळ्यात भारी कोणतं?"

काका बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "सगळीच भारी होती रे."

घरी येताना हे वाक्य डोक्यात घोळत राहिलं. कारण अर्नाळकरांच्या बाबतीत "सगळी" म्हणजे किती, माहितीये? हजाराहून जास्त!

बाबूराव अर्नाळकर यांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. मुंबईत गिरगावात त्यांचं चष्म्याचं दुकान होतं. तो व्यवसाय सांभाळत हा माणूस १९३६ पासून जवळजवळ पन्नास वर्षं रहस्यकथा लिहीत राहिला. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू अशी त्यांची पात्रं घराघरांत पोचली. आज आपण जसं "पुढचा सीझन कधी?" विचारतो, तसं तेव्हा लोक वाचनालयात जाऊन "नवा झुंजार आला का?" विचारायचे. गिनीज बुकानेही त्यांची नोंद घेतली. १९९६ मध्ये ते गेले.

पण गिनीजने नोंद कशाची घेतली? आकड्याची. किती लिहिलं, याची. त्यातलं कोणतं वाचावं, हे गिनीज सांगत नाही. ते त्याचं कामच नाही. मग ते काम कुणाचं?

या प्रश्नाचं एक उत्तर अमेरिकेत सापडतं. थोडा वेळ तिकडे जाऊ, मग परत मालेगावला येऊ.

तिकडे अँथनी बाउचर नावाचे एक गृहस्थ होते. "व्हाउचर" म्हणतो ना, तसंच "बाउचर". स्वतः रहस्यकथा लिहायचे, पण खरं नाव झालं ते समीक्षक म्हणून. न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्यांनी वर्षानुवर्षं रहस्यकथांची परीक्षणं लिहिली. ज्या पुस्तकांना लोक टाइमपास म्हणून बाजूला ठेवायचे, ती हा माणूस गंभीरपणे वाचायचा. चांगल्याला चांगलं म्हणायचा, फसलेल्याला फसलेलं म्हणायचा. आज जगभर गाजलेल्या बोर्हेस या अर्जेंटिनाच्या लेखकाची कथा इंग्रजीत पहिल्यांदा आणली तीही बाउचर यांनीच, १९४८ साली, आणि ती छापून आली एका रहस्यकथांच्या मासिकात!

१९६८ मध्ये बाउचर वारले. दोन वर्षांनी, १९७० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे रहस्यकथांचे चाहते, लेखक, प्रकाशक एकत्र जमले आणि त्या मेळाव्याला त्यांचं नाव दिलं: बाउचरकॉन. तेव्हापासून हा मेळावा गावोगाव फिरतोय, आपलं साहित्य संमेलन फिरतं तसाच. १९८६ पासून तिथे पुरस्कारही सुरू झाले. त्यांचं नाव अँथनी पुरस्कार. पहिल्या वर्षी सर्वोत्तम कादंबरीचा मान स्यू ग्राफ्टन यांना मिळाला.

यातली खरी गंमत ऐका. अँथनी पुरस्कार कुठलीही निवड समिती बंद खोलीत बसून ठरवत नाही. मेळाव्याला नाव नोंदवून आलेले लोक मत देतात. त्यात लेखक असतात, दुकानदार असतात आणि नुसते वाचकही असतात. पुस्तक रात्री जागून संपवणारा माणूस सकाळी त्याला मत देतो.

याचा फायदा काय झाला? लेखकाला मान मिळाला, ते आहेच. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक यादी तयार झाली. १९८६ पासूनची, दर वर्षाची. आज एखादी वीस वर्षांची मुलगी म्हणाली, "मला रहस्यकथा वाचायला सुरुवात करायचीये," तर तिच्या हातात ती यादी आहे. यादी चुकीची असेल, भांडणाची असेल, पण आहे. आमच्या वाचनालयातल्या काकांकडे ती नव्हती.

आता कुणी म्हणेल, आपल्याकडे अर्नाळकरांसारखे लेखक भराभर लिहायचे, बऱ्याच गोष्टींवर इंग्रजी कथांची छाया असायची, सगळंच काही उत्तम नव्हतं. अगदी मान्य! मी तर म्हणतो, म्हणूनच यादी हवी होती. हजारांत दहा-वीस तरी अस्सल असतीलच ना? ती निवडून बाजूला ठेवायला कुणीतरी हवं होतं. अर्नाळकरांच्या काही निवडक कथा पुढे नव्याने पुस्तकरूपात आल्या, हे चांगलंच झालं. पण दर वर्षी, त्या त्या वेळच्या वाचकांनी "यंदाचं हे" असं म्हणत ठेवलेली सलग नोंद आपल्याकडे नाही.

आणि हे फक्त एका लेखकाचं नाही. १९७० मध्ये, म्हणजे तिकडे पहिलं बाउचरकॉन भरलं त्याच वर्षी, इकडे गुरुनाथ नाईक यांची पहिली रहस्यकादंबरी आली. त्यांनीही हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिल्या. सुहास शिरवळकर तुम्हाला "दुनियादारी"मुळे माहीत असतील, पण त्यांचे फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, दारा बुलंद हे रहस्यकथांचे हिरो किती जणांना माहीत आहेत?

"मराठी माणूस रहस्यकथांना मानच देत नाही" असं म्हणून मोकळं होता येईल. पण ते अर्धंच खरं आहे. आपल्या दिवाळी अंकांकडे बघा. "धनंजय" नावाचा दिवाळी अंक वर्षानुवर्षं रहस्य, भय, गूढ आणि विज्ञान अशाच कथा देत आलाय. धनंजय, म्हणजे अर्नाळकरांच्या गुप्तहेराचंच नाव. दरवर्षी ठरलेल्या वेळी ठरलेले वाचक त्या अंकाची वाट बघतात. माझ्या मते हा आपला मेळावाच आहे, फक्त सगळे आपापल्या घरी, फराळाच्या ताटाशेजारी बसून तो साजरा करतात. मेळावा भरतो, पण मतदान होत नाही. दिवाळी संपते, अंक वाचनालयात जातो, आणि त्यातली सगळ्यात भारी कथा कोणती होती, याची चर्चा चहाच्या टपरीवरच संपते.

बक्षिसाने काय होतं, याचं घरचंच उदाहरण देतो. १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेने विज्ञानकथा स्पर्धा घेतली. नारायण विनायक जगताप नावाच्या कुणाची तरी कथा आली, "कृष्णविवर". तिला पहिलं बक्षीस मिळालं. मग कळलं, हे जगताप म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर! आद्याक्षरं उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतलं होतं. नाव बघून बक्षीस मिळायला नको, म्हणून. आता हीसुद्धा एक रहस्यकथाच झाली की नाही?

पण बघा, एका संस्थेने एक स्पर्धा ठेवली आणि मराठी विज्ञानकथेला दार मिळालं. २०२१ च्या डिसेंबरमध्ये ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आमच्याच जिल्ह्यात, नाशिकला भरलं, आणि त्याचे अध्यक्ष होते नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत, पण विज्ञानकथा लिहिणारा माणूस त्या खुर्चीपर्यंत पोचला. त्याच्या महिनाभर आधी, ऐन दिवाळीच्या दिवसांत, गुरुनाथ नाईक गेले. एका प्रकारच्या कथेला स्पर्धा मिळाली, दुसरीला रद्दीवाला मिळाला.

त्याच डिसेंबरात, नाशिकपासून शंभरेक किलोमीटरवर, इथे मालेगावात राष्ट्रीय उर्दू पुस्तक मेळा भरला होता. उर्दूत रहस्यकथा म्हटलं की एकच नाव येतं: इब्ने सफी. १९५२ मध्ये अलाहाबादहून त्यांची "जासूसी दुनिया" सुरू झाली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं दोन्ही देशांत निघत राहिली. कर्नल फरीदी, कॅप्टन हमीद आणि नंतर इमरान, ही नावं सीमा ओलांडून गेली.

माझ्या एका मित्राच्या अब्बांना मी तोच प्रश्न विचारला: "चाचा, पहिलं कोणतं वाचू?" ते क्षणभरही थांबले नाहीत. "दिलेर मुजरिम. पहिला नंबर. मग नंबरवारी वाचत जा." कारण इब्ने सफींच्या मालिकांना क्रमांक आहेत. चाहत्यांनी ते पाठ ठेवले. पुढे शम्सुर रहमान फारूकींसारख्या मोठ्या उर्दू समीक्षकाने त्यांच्या चार कादंबऱ्या इंग्रजीत नेल्या. म्हणजे तिकडे जे बाउचर यांनी केलं, ते इकडे फारूकींनी केलं. मोठ्या माणसाने लोकांच्या आवडीच्या पुस्तकावरची धूळ झटकली.

मोसम नदीच्या एका काठाला माझ्या प्रश्नाचं उत्तर एका सेकंदात मिळालं, आणि दुसऱ्या काठाला मिळालंच नाही. दोन्हीकडे वाचक तेवढेच वेडे होते. फरक एवढाच, की एकीकडे कुणीतरी हिशेब ठेवला.

खरंतर आम्हा मालेगावकरांना हे वेगळं सांगायला नको. इथे यंत्रमागावर राबणाऱ्या पोरांनी "मालेगाव के शोले" बनवला, तेव्हा बाहेरच्यांनी कौतुकाने आणि थोडं हसूनच बघितलं. मग फैझा अहमद खान यांनी "सुपरमेन ऑफ मालेगाव" हा माहितीपट केला, आणि ती धडपड जगाच्या पडद्यावर नोंदली गेली. काम आधीच झालेलं होतं. कुणीतरी लिहून ठेवायचं बाकी होतं.

म्हणून आजचा गृहपाठ सोपा आहे. घरात साठीच्या पुढचं जे कुणी असेल, आजी, आजोबा, मामा, शेजारच्या काकू, त्यांना विचारा: "तुम्ही लपवून वाचलेली रहस्यकथा कोणती?" "सगळीच भारी होती" असं म्हणाले तर ऐकू नका. एकच नाव मागा. पुस्तकाचं नाव, लेखकाचं नाव, आणि त्यातलं काय अजून आठवतंय ते. फोनच्या नोट्समध्ये लिहून ठेवा. पन्नास घरांतून पन्नास नावं आली, तर ती आपली पहिली यादी.

मी आजोबांना परत विचारलं. खूप वेळ छताकडे बघत बसले. मग म्हणाले, "नाव नाही आठवत रे. पण खुनी कोण होता ते आठवतंय."

म्हटलं, आजोबा, ते मात्र सांगू नका!

चला मंडळी, भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.