काटा, ट्यूब आणि रबराचा चीक

१/ राधानगरीहून दाजीपूरमार्गे फोंडा घाटाकडे निघालेल्या सायकलस्वाराला एक काटाही थांबवू शकतो. चाक आणि काटा यांचा हा झगडा शतकाहून जुना आहे.

२/ १८८८ मध्ये बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर घडवला. तो चाकाला पक्का जखडलेला असे; त्यामुळे पंक्चर काढणे जिकिरीचे होते.

३/ १८९१ मध्ये फ्रान्सच्या मिशलिन बंधूंनी सहज निघणारा टायर आणला. त्याच वर्षी शार्ल तेराँ यांनी त्यावर पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस शर्यत जिंकली. ट्यूब काढून ठिगळ लावणे सोपे झाले.

४/ १९९९ मध्ये मॅविक, मिशलिन आणि हचिन्सन यांनी डोंगरी सायकलींसाठी ट्यूबलेस पद्धत आणली.

५/ पुढे हौशी सायकलस्वार घरीच हा बदल करू लागले. रिमवरील आऱ्यांची छिद्रे हवाबंद पट्टीने झाकायची, व्हॉल्व्ह बसवायचा, रबराच्या चिकापासून केलेले सीलंट ओतायचे आणि झपाट्याने हवा भरायची. काटा टोचताच द्रव छिद्रात शिरून गोठतो. मात्र रिम आणि टायर एकमेकांत घट्ट बसणारे हवेत.

६/ सीलंट काही महिन्यांत सुकते, मोठी चीर ते बुजवू शकत नाही. म्हणूनच ट्यूबलेस सायकलस्वाराच्या पिशवीतही एक सुटी ट्यूब असते.