किलोचा दर आणि भट्टीचा हिशेब

ओतकामाचा माल वजनावर विकला जातो. कोल्हापूर, सांगली, बेळगावच्या पट्ट्यात बिडाच्या कास्टिंगचा भाव आजही बहुतेक वेळा किलोच्या दरातच ठरतो. ही रीत सोपी आहे, पण तिच्यात मोठा तोटा दडून राहतो. भरीव वजनगोळा आणि पाणी खेळवण्यासाठी आतून पोकळ ठेवलेले इंजिनाचे सिलिंडर हेड यांचे वजन सारखे असू शकते. गोळ्याला कोअर, म्हणजे पोकळी राखणारा वाळूचा गाभा, लागत नाही. सिलिंडर हेडला अनेक कोअर लागतात, ते हाताने बसवावे लागतात, ओतल्यावर आतली वाळू काढावी लागते आणि त्यातले कित्येक नग मशीनवर गेल्यावर फुटके किंवा छिद्रांचे निघतात. दोन्हींचा दर किलोमागे सारखा लावला की एका जॉबचा नफा दुसऱ्याच्या तोट्यात जिरतो आणि ताळेबंदात दिसते ती फक्त वर्षाची बेरीज. फाउंड्रीत आधी कागदावरचे, मग संगणकावरचे हिशेब आले आणि त्यांच्यासोबत कामगारांचे शिक्षण आले, ते हा दडलेला तोटा उघड करण्यासाठी.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ओतकामाचे ज्ञान मोल्डरच्या, म्हणजे साचा भरणाऱ्या कारागिराच्या, हातात होते. ओली वाळू मुठीत दाबायची, ती कशी मोडते ते पाहून पाणी कमी की जास्त ते ठरवायचे, धातूच्या रंगावरून त्याचे तापमान ओळखायचे, रायझर (गोठताना धातू पुरवणारा साठा) कुठे ठेवायचा ते अनुभवाने सांगायचे. अमेरिकेत विल्यम सिल्व्हिसने १८५९ मध्ये मोल्डरांची राष्ट्रीय संघटना उभी केली. कित्येक वर्षे उमेदवारी केल्याशिवाय कोणी मोल्डर म्हणवून घेऊ शकत नसे. मालकाला लोखंड आणि कोक यांची किंमत ठाऊक असे, पण साचा भरण्यात किती वेळ गेला आणि नग का बाद झाला, हे त्याला मोल्डर सांगेल तेवढेच कळे.

हे ज्ञान कागदावर आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका नियतकालिकाने केला. मोल्डरांच्या संघटनेतून आलेल्या जॉन पेंटनने १८९२ मध्ये डेट्रॉइटहून ‘द फाउंड्री’ सुरू केले. १८९६ मध्ये फिलाडेल्फियाला अमेरिकन फाउंड्रीमेन्स असोसिएशन स्थापन झाली. त्या काळी कच्चे लोखंड विकत घेताना त्याची लगड फोडून आतला पोत पाहत आणि त्यावरून प्रत ठरवत. रासायनिक पृथक्करण करूनच खरेदी करावी, हा आग्रह असोसिएशनच्या वर्तुळातील डॉ. रिचर्ड मोल्डेंके यांच्यासारख्या रसायनज्ञांनी लावून धरला. सिलिकॉन किती, फॉस्फरस किती, गंधक किती, हे आकड्यात आल्यावर भट्टीचा चार्ज, म्हणजे तिच्यात टाकायचे मिश्रण, मोजूनमापून ठरवता येऊ लागला. तोलावर भाव लावण्याच्या सवयीवर टीका आणि प्रत्येक जॉबचा वेगळा खर्च काढण्याची शिकवण याच वर्तुळांत सुरू झाली. पुढे हिशेबाची यंत्रे आणि संगणक विकणाऱ्यांनी जे सांगितले, त्याचे मूळ इथे आहे.

महाराष्ट्रात ओतीव लोखंडाचा आधुनिक कारखाना लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उभा केला. औंध संस्थानच्या मदतीने १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि तिथे ओतलेल्या नांगराची विक्री हाच मुळात शिक्षणाचा प्रश्न होता. लोखंडाने जमीन नासते, असा समज शेतकऱ्यांत होता. नांगर शेतात चालवून दाखवल्याखेरीज तो खपत नसे. पहिल्या महायुद्धात लोखंडाची टंचाई झाली, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केली. कारखान्याच्या मालाची माहिती देणारे हे पत्रक पुढे मराठीतले एक मोठे मासिक झाले. वस्तू विकायची तर आधी ती वापरायला शिकवले पाहिजे, हे या कारखान्याला संगणकापूर्वी कित्येक दशके उमगले होते.

कोल्हापूरची वाट वेगळी. इथे भांडवलदाराआधी कारागीर आला. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांच्यासारख्या माणसांनी दुरुस्तीच्या कामातून यंत्रे घडवण्याचे काम वाढवले आणि उद्यमनगरात लेथ, पॅटर्नची (साच्यासाठीच्या नमुन्यांची) दुकाने आणि छोट्या भट्ट्या एकमेकांना लागून उभ्या राहिल्या. उसाला पाणी द्यायला ऑइल इंजिने लागत आणि त्या इंजिनांना ब्लॉक, हेड, फ्लायव्हील लागत. मालक स्वतःच मेस्त्री असे. क्युपोला, म्हणजे कोकवर चालणारी भट्टी, रोज पेटत नसे. आठवडाभर साचे भरून ठेवायचे आणि भट्टीच्या दिवशी ते सगळे ओतायचे. हिशेब खडूने भिंतीवर आणि वहीत होई. कारखाना एका माणसाच्या नजरेत मावत होता तोवर ही पद्धत पुरली. पुढे विजेच्या मोटारींनी इंजिनांची मागणी घटवली आणि गोकुळ शिरगाव, शिरोली इथल्या औद्योगिक वसाहतींतील फाउंड्र्या ट्रॅक्टर, ट्रक, पंप यांच्या भागांकडे वळल्या. तेव्हा मात्र ही नजर अपुरी पडू लागली.

जगभर त्याच्या कितीतरी आधीपासून ज्ञान परवान्याने विकले जाऊ लागले होते. १९२० च्या दशकात ऑगस्टस मीहानच्या ‘मीहॅनाइट’ बिडाचा परवाना घेणाऱ्या फाउंड्रीला नावाबरोबर प्रक्रियेचे नियम आणि तज्ज्ञांचे मार्गदर्शन मिळे. १९४८ मध्ये मॅग्नेशियम घालून केलेल्या एस. जी. आयर्नची घोषणा झाली. या बिडात ग्राफाइट पाकळ्यांऐवजी गोळ्यांच्या रूपात असतो, त्यामुळे ते वाकते, पटकन तुटत नाही. पण मॅग्नेशियमचा असर थोड्याच मिनिटांत ओसरतो. धातूवर प्रक्रिया कधी झाली आणि शेवटचा साचा कधी ओतला, ही वेळ लिहिली नाही तर कोणता नग बिघडला ते सांगता येत नाही. फाउंड्रीत घड्याळ आणि नोंदवही यांना धातूइतके महत्त्व आणणारा पदार्थ म्हणून एस. जी. आयर्नकडे पाहायला हवे.

शिक्षणाच्या संस्थाही याच सुमारास उभ्या राहिल्या. अमेरिकेत १९४७ मध्ये फाउंड्री एज्युकेशनल फाउंडेशन, भारतात १९५० मध्ये इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन फाउंड्रीमेन, आणि १९६६ मध्ये युनेस्कोच्या सहकार्याने रांचीजवळ हटिया इथे ओतकाम व फोर्जिंगची राष्ट्रीय संस्था. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने आणि आयटीआयच्या मोल्डर, फाउंड्रीमन या अभ्यासक्रमांनी खालच्या पायरीची सोय केली. रांचीचे पदवीधर साहजिकच मोठ्या कारखान्यांकडे गेले. छोट्या फाउंड्रीला मिळाला तो आधीच्या कारखान्यात पाहून शिकलेला मोल्डर. मधली पायरी, म्हणजे धातू समजणारा आणि आकडेही वाचणारा पर्यवेक्षक, दीर्घकाळ रिकामीच राहिली. पुढे संगणकाचा प्रसार अडला तो मुख्यतः या पायरीवर.

संगणक फाउंड्रीत दोन दारांनी आला. पहिले दार धातू गोठण्याच्या गणिताचे. चेकोस्लोव्हाकियात काम करणाऱ्या निकोलाय ख्वोरिनोव्हने १९४० मध्ये दाखवले की कास्टिंग गोठायला लागणारा वेळ हा त्याचे घनफळ भागिले पृष्ठफळ या गुणोत्तराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. १० सेंटिमीटर बाजूचा ठोकळा घेतला तर त्याचे घनफळ १,००० घन सेंटिमीटर, वजन सात किलोच्या थोडे वर. तेवढ्याच बिडाची २५ × २० × २ सेंटिमीटरची पाटी केली, तर ठोकळा गोठायला पाटीच्या जवळजवळ चौपट वेळ लागतो. वजन एकच, वागणूक अगदी निराळी. जो भाग शेवटी गोठतो तिथे पोकळी पडते, आणि तिला धातू पुरवायला रायझर लागतो. गुंतागुंतीच्या नगाला हे सूत्र हाताने लावणे अशक्यप्राय होते. १९६५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या हेन्झेल आणि केव्हेरियन यांनी पोलादी कास्टिंगचे गोठणे संगणकावर काढून प्रत्यक्ष मोजमापांशी ताडून दाखवले. १९८८ मध्ये जर्मनीतील आखेन इथे मॅग्मा कंपनी स्थापन झाली आणि साचा भरण्याआधी पडद्यावर ओतून पाहणे, म्हणजे सिम्युलेशन, हा व्यापार बनला.

दुसरे दार धंद्याच्या हिशेबाचे, आणि ते जास्त अवघड ठरले. पगार आणि खतावणी संगणकावर चढवायला कुणाची हरकत नव्हती. १९८६ मध्ये बंगळूरला सुरू झालेल्या प्यूट्रॉनिक्सची टॅली पुढे भारतभरच्या छोट्या कारखान्यांत पोहोचली. उत्पादनाच्या नियोजनासाठी तयार झालेली सॉफ्टवेअर मात्र जुळणीच्या कारखान्यांवरून बेतलेली होती. तिथे अनेक सुटे भाग एकत्र येऊन एक वस्तू होते. फाउंड्रीत उलटे घडते: एका हीटच्या, म्हणजे एका वेळी वितळवलेल्या, धातूतून वीस वेगळे जॉब ओतले जातात, पॅटर्न ग्राहकाचा असतो, आणि ओतलेल्या धातूचा मोठा वाटा रनर (साच्यात धातू नेणारी वाट), रायझर आणि बाद नग होऊन पुन्हा भट्टीत जातो. या परतीच्या धातूची खरेदी होत नाही की विक्री होत नाही. त्यामुळे खरेदी-विक्री पाहणाऱ्या हिशेबाला तो दिसतच नाही.

उदाहरणादाखल, १०० किलो धातू ओतला आणि त्यातला ६० किलो कास्टिंगमध्ये गेला. दहा टक्के नग बाद झाले तर विकायला ५४ किलो उरतात, पाच टक्के बाद झाले तर ५७. एक टन माल विकण्यासाठी पहिल्या स्थितीत सुमारे १,८५० किलो धातू वितळवावा लागतो, दुसऱ्या स्थितीत सुमारे १,७५५. इंडक्शन भट्टीला टनामागे ६०० युनिटच्या आसपास वीज लागते असे धरले, तर विकलेल्या प्रत्येक टनामागे साठेक युनिट नुसत्या जादा पाच टक्के बाद मालावर गेले. वाळू, कोअर आणि मजुरी वेगळीच. धातू परत मिळाला म्हणून तोटा झाला नाही, हा समज फाउंड्रीत खोल रुजलेला होता. फाउंड्रीसाठी खास लिहिलेल्या सॉफ्टवेअरचे खरे काम हा समज मोडण्याचे होते: हीट, पॅटर्न, साचा आणि दोषाचे कारण यांची सांगड घालून प्रत्येक जॉबचा खर्च वेगळा दाखवणे.

हे सॉफ्टवेअर घ्यायला भाग पाडले ते मोठ्या ग्राहकांनी. १९८७ च्या आयएसओ ९००० या गुणवत्ता मानकानंतर १९९४ मध्ये वाहन उद्योगाचे क्यूएस ९००० आले. निर्यात करायची किंवा नामांकित ट्रॅक्टर कंपनीला माल द्यायचा, तर प्रत्येक नगावर हीट नंबर आणि त्या हीटच्या पृथक्करणाचा कागद हवा. क्युपोला जाऊन इंडक्शन भट्टी आणि स्पेक्ट्रोमीटर आले. भट्टीच्या दिवसाऐवजी दर तासाला हीट निघू लागली. खडूच्या भिंतीवर एवढे आकडे मावणे शक्यच नव्हते.

विक्रेते मालकांना गाठत ते प्रदर्शनांत. ड्युसेलडॉर्फला १९५६ पासून गिफा भरते, आणि भारतात फाउंड्रीमेन संस्थेच्या वार्षिक अधिवेशनाला जोडून आयफेक्स. तिथे पडद्यावरचे रंगीत चित्र पाहून खरेदी होते, पण टिकते ती फाउंड्रीच्या स्वतःच्या बाद होणाऱ्या जॉबवर प्रयोग करून दाखवला तर. पोकळी नेमकी कुठे पडते ते संगणकाने आधी सांगितले आणि करवतीने कापल्यावर ती तिथेच निघाली, की जुना मेस्त्रीही पुढे सरकून बघतो. धंद्याच्या सॉफ्टवेअरला असा झटपट पुरावा देता येत नाही. ते महिनोन्‌महिने खरे आकडे मागते.

हे आकडे लिहिणारा माणूस कोण, इथे सगळे अडते. संगणक ऑफिसात ठेवला तर रात्रपाळीचे बाद नग कारकून सकाळी आठवणीने भरतो, आणि ‘इतर’ हे कारण सर्वांत जास्त वेळा निवडले जाते. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांत साचे भरणारे पुष्कळ कामगार बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले आहेत, पर्यवेक्षक मराठी, आणि पडद्यावरची भाषा इंग्रजी. एकाच माणसाला शिकवून विक्रेता परत गेला आणि तो माणूस शेजारच्या कारखान्यात नोकरीला लागला की सॉफ्टवेअर बंद पडते. यावर उपयोगी ठरतात ते साधे उपाय: ब्लो होल, वाळू मिसळणे, साचा सरकणे अशा दोषांची छायाचित्रे भिंतीवर लावून त्यांना क्रमांक देणे, नोंद भट्टीजवळच करणे, आणि प्रत्येक पाळीत किमान दोघांना शिकवणे. मालकाने दर आठवड्याला ते आकडे वाचून पर्यवेक्षकाशी बोलणे हा यातला सर्वांत मोलाचा भाग आहे. नोंद कोणी वाचत नाही असे कळले की ती खोटी होते.

परदेशी सिम्युलेशनची किंमत भारतातल्या बहुसंख्य छोट्या फाउंड्र्यांच्या आवाक्याबाहेर होती. देशात सुमारे ५,००० फाउंड्र्या असून उत्पादनात भारत चीनच्या खालोखाल आहे, पण यातल्या बहुतेक लहान आहेत. आयआयटी मुंबईत प्रा. बी. रवी यांच्या गटाने यासाठी ऑटोकास्ट हे सॉफ्टवेअर विकसित केले. त्यात रायझर आणि गेटिंगची (साच्यात धातू नेणाऱ्या वाटांची) आखणी संगणकच सुचवतो, त्यामुळे वापरणाऱ्याला गणिताचा तज्ज्ञ असावे लागत नाही. त्याच गटाने ‘ई-फाउंड्री’ हा विनामूल्य उपक्रम चालवला. कास्टिंगच्या आखणीचे पाठ आणि आपल्या नगाचा त्रिमितीय नमुना पाठवून तो कुठे शेवटी गोठेल ते पाहण्याची सोय तिथे एकत्र होती. अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि फाउंड्रीतले पर्यवेक्षक, दोघांनाही हा अभ्यास खुला होता.