गोमंतकांतील देवांचीं स्थलांतरें व आजचे उत्सव

सणांचा इतिहास लिहावयास बसलें म्हणजे आमच्या लेखकांची दृष्टि एकदम प्राचीन काळाकडे धांव घेते. शिमग्याचें मूळ मदनोत्सवांत, नारळी पौर्णिमेचें वरुणपूजेंत, असें कांहीं तरी जुळवून दिलें कीं काम संपलें. ह्या शोधांस आमचा विरोध नाहीं. परंतु गोमंतकासारख्या किनाऱ्यावर आज जे उत्सव होतात, त्यांपैकीं कित्येकांवर सोळाव्या शतकाचा ठसा स्पष्ट उमटलेला आहे. तो डोळ्यांसमोर असतां आपण दोन हजार वर्षांपूर्वींचें चांचपीत बसावें, हें विचित्र खरें.

पूर्वपीठिका थोडक्यांत अशी. १५१० त तिसवाडी पोर्तुगीजांच्या हातीं गेली, व १५४३ त बारदेश आणि साष्टी. तिसवाडींतील देवळें १५४० च्या सुमारास पाडण्यांत आलीं, साष्टींतील १५६७ च्या सुमारास. १५६० त इन्क्विझिशन बसलें, तें मधला थोडा काळ वगळतां १८१२ पर्यंत चाललें. पण जुवारी नदीपलीकडचा फोंडा महाल त्या वेळीं आदिलशाहींत होता. लोकांनीं देव होड्यांत घातले आणि नदी ओलांडली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळास आला, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास. हे देव वांचले ते मुसलमानी राज्याच्या हद्दींत, ही गोष्ट अभिमानानें देवळें दाखविणारे आमचे स्नेही सहसा बोलत नाहींत. फोंडा पोर्तुगीजांकडे गेला तो १७६३ त. तोंवर देवळें पाडण्याचा आवेश ओसरला होता.

देव गेले, तरी सोडलेल्या गांवाचें नांव त्यांस चिकटून राहिलें. वेर्णेकर, लोटलीकर हीं जशीं माणसांचीं आडनांवें, तशीच देवी कुंभारजुवेंकरीण किंवा कुंकळ्ळीकरीण होते.

कुंभारजुव्याचा सांगोड हा ह्याच स्थलांतराचा उत्सव होय. दोन होड्या शेजारीं शेजारीं बांधून जो तराफा होतो त्यास सांगोड म्हणतात. कुंभारजुवें तिसवाडींत, आणि माशेल पाण्यापलीकडे फोंडा महालांत. शांतादुर्गेस अशाच जोडहोडींतून पलीकडे नेलें अशी परंपरा आहे, आणि चतुर्थीच्या सातव्या दिवशीं गणपतींचें विसर्जन सांगोडांवरून होतें. होड्यांवर पौराणिक देखावे उभे करतात, काठावर गर्दी लोटते. पळून जाण्याचा तो प्रवास रात्रीं, गुपचूप, जीव मुठींत धरून झाला असेल. त्याची आठवण दिव्यांच्या लखलखाटांत आणि वाद्यांच्या गजरांत निघावी, ह्यांत लोकांच्या मनाची एक मोठी खूण आम्हांस दिसते. माशेलासच चोडण बेटावरून आलेली देवकीकृष्णाची जोडी आहे. तिच्यापुढें आषाढ शुद्ध द्वादशीस तरुण मुलें अंगास तेल चोळून चिखलकाला खेळतात. पण त्या खेळांत स्थलांतराचा कांहीं अर्थ शोधूं पाहणें म्हणजे चिखलांत मोतीं शोधणेंच. तो मुलांचा आनंद आहे, एवढें पुरे.

परंपरा आणि पुरावा ह्यांत आम्ही गल्लत करूं इच्छीत नाहीं. गोमंतकांत कांहीं घराण्यांत मातीच्या मूर्तीऐवजीं कागदावरील गणपतीची पूजा होते. धाडी पडल्या तर लपवावयास सोपा म्हणून ही चाल पडली असें सांगतात. असेलही, परंतु एखाद्या घरांत ती अन्य कारणानेंहि आली असेल. प्रत्येक चालीस इन्क्विझिशनचें कारण लावण्याची संवय, प्रत्येक चालीस वेदाचें कारण लावण्याइतकीच आळशी आहे.

कुंकळ्ळीची गोष्ट मात्र निराळी, कारण तेथें परंपरेच्या शेजारीं लेखी आधारहि आहे. साष्टीच्या दक्षिणेकडील ह्या गांवानें पोर्तुगीजांस सारा नाकारला, तेव्हां सैन्यानें येऊन देवळें जाळलीं. पुढें जुलै १५८३ त चर्चसाठीं जागा पाहावयास आलेले पांच जेझुइट आणि त्यांचे सोबती गांवकऱ्यांनीं ठार मारले. नंतर गांवच्या पुढाऱ्यांस बोलणें करण्याच्या मिषानें असोळण्याच्या किल्ल्यांत बोलावून मारण्यांत आलें. त्या पांच पाद्र्यांस पोपनें १८९३ त ‘धन्य’ ही पदवी दिली. मेलेल्या गांवकऱ्यांच्या बाजूनें लिहिणारा त्या काळीं कोणी नव्हता. त्यांचें स्मारक उभें राहिलें तें अगदीं अलीकडे. मधल्या चार शतकांत त्यांची नोंद कोणीं ठेविली? आमचें उत्तर असें, कीं शिमग्यानें ठेविली.

कुंकळ्ळीची शांतादुर्गा तेव्हां पोर्तुगीज हद्दीबाहेर फातर्प्यास गेली. दर वर्षीं शिमग्याच्या दिवसांत तिची पालखी फातर्प्याहून कुंकळ्ळींतील मूळ जागीं येते. बरोबर बारा छत्र्या असतात, गांवच्या बारा वांगडांची एकेक. गुलाल एवढा उधळतात कीं रस्ता तांबडा होतो. वांगड म्हणजे गांवाच्या मूळ गांवकऱ्यांचें कुळ. आणि त्या कुळांतील कित्येक घरें पुढें ख्रिस्ती झालीं. परंतु देवाचा धर्म बदलला तरी वांगडाचा मान बदलला नाहीं. ख्रिस्ती गांवकऱ्यांचेंहि आपल्या वांगडाच्या छत्रीशीं नातें राहिलें. ज्यांनीं फक्त ‘हिंदु उत्सव’ ह्या शीर्षकाखालीं ही मिरवणूक वर्णिली, त्यांनीं तिच्यांतली अर्धी माणसें पाहिलींच नाहींत.

एक प्रश्न आम्हांस फार दिवस पडला होता. १९६१ च्या डिसेंबरांत पोर्तुगीज सत्ता गेली. मग देव परत कां गेले नाहींत? वेरण्यास जुन्या जागेजवळ म्हाळसेचें नवें देऊळ उठलें, तरी म्हार्दोळची म्हाळसा म्हार्दोळींच राहिली. ह्याचें कारण श्रद्धेंत शोधण्यापेक्षां गांवगाड्यांत शोधावें. चार शतकांत नव्या गांवीं देवळाभोंवतीं पुजारी, वाजंत्री, माळी, भावीण अशीं सेवेकऱ्यांचीं घरें वसलीं, जमिनी लागल्या, पालखीच्या वाटा आणि मानाचे क्रम ठरले. देव उचलावयाचा तर हें सारें उचलावें लागेल. म्हणून कुंकळ्ळीनें देवीस कायमचें परत मागितलें नाहीं. वर्षांतून एक दिवस ती घरीं येते, बारा कुळें तिच्यावर छत्र धरतात, आणि तिचें वास्तव्य फातर्प्यासच राहतें.