फोल्डर नक्की कोणाचा?

शेल स्क्रिप्ट लिहायला लागलेला प्रत्येक जण एकदा तरी इथे अडकतो. दुसऱ्या फोल्डरमधल्या फाइलमध्ये एक छानसं फंक्शन लिहून ठेवलंय. टर्मिनलवर पूर्ण पाथ देऊन आपण ती फाइल चालवतो. एरर नाही, काही नाही. मग फंक्शनचं नाव टाइप केलं की शेल म्हणतो, अशी कमांडच नाही! अरे, आत्ता तर चालवली ना फाइल?

मंडळी, हे कोडं पन्नास वर्षांहून जुनं आहे. १९६९ मध्ये न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ या मशीनवर युनिक्स घडवायला घेतलं. सुरुवातीला एका टर्मिनलला एकच प्रोसेस असायची. मग फोर्क आला. म्हणजे शेलने स्वतःची प्रत काढायची, त्या प्रतीने कमांड चालवायची आणि संपून जायचं. यासाठी असेंब्लीच्या फक्त २७ ओळी लागल्या असं रिचींनी नंतर लिहिलंय. सगळे खूश... आणि तेवढ्यात कळलं की फोल्डर बदलायची कमांड बंद पडलीये! बराच वेळ कोड वाचल्यावर उलगडा झाला. कमांड बिचारी काम चोख करत होती. नव्या प्रोसेसचा फोल्डर बदलत होती, ती प्रोसेस लगेच मरत होती, आणि मूळ शेल होता तिथेच! शेवटी ती कमांड शेलच्या पोटातच घालावी लागली. आपण रोज टाइप करतो ती सीडी म्हणूनच शेलच्या आत असते.

आपलं फंक्शनही तसंच, प्रोसेसबरोबर जातं. उपाय १९७९ च्या बोर्न शेलमध्ये होताच: एक टिंब, मग फाइलचा पाथ. नवी प्रोसेस नाही, फाइल याच शेलमध्ये वाचली जाते. (सी शेलवाले त्याला सोर्स म्हणतात, बॅशला दोन्ही चालतं.) गंमत म्हणजे बोर्न शेलमध्ये टिंब आधी आलं, फंक्शन्स नंतर.

पण टिंबाने फंक्शन मिळतं, फोल्डर नाही. फंक्शनने अर्धवट पाथने एखादी फाइल मागितली, तर ती शोधली जाते तुम्ही उभे आहात तिथे. म्हणून स्क्रिप्ट्स आधी 'मी कुठे आहे?' हे शोधतात. आणि खरा धोका इथे आहे.

जानेवारी २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीमची अशीच एक स्क्रिप्ट गाजली. ती सीडी करून आपल्या फोल्डरचा पाथ व्हेरिएबलमध्ये ठेवायची आणि पुढे एका फंक्शनमध्ये 'या फोल्डरमधलं सगळं उडव' अशी ओळ होती. सीडी फसली की व्हेरिएबल रिकामं. रिकाम्या नावापुढे स्लॅश आणि तारा, म्हणजे थेट रूटपासून! स्टीमचा फोल्डर हलवलेल्या एका माणसाच्या स्वतःच्या सगळ्या फाइल्स गेल्या, जोडलेल्या बॅकअप ड्राइव्हवरच्या सुद्धा. त्या ओळीपाशी प्रोग्रॅमरने स्वतःच कॉमेंट लिहिली होती: 'स्केरी!' कॉमेंटऐवजी तिथे व्हेरिएबल रिकामं आहे का एवढं तपासलं असतं तरी पुरलं असतं.