बांधावर पडलेली साध्या सरकीची पुडी

आमच्या शेवगाव-पाथर्डीकडे बोंडअळी म्हटलं की जुन्या माणसांना हिरवी, अमेरिकन अळीच आठवते. १९८०च्या दशकात सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधं आली, तेव्हा एका फवारणीत रान साफ व्हायचं, असं सासरे सांगतात. पुढे औषध तेच, पंप तोच, पण अळी मरेना. ज्या थोड्या अळ्यांच्या अंगात विष मोडणारी विकरं जास्त होती त्या जगल्या, आणि रानात त्यांचीच पिलावळ माजली. मग सायपरमेथ्रीनमध्ये मोनोक्रोटोफॉस मिसळून मारायचं.

२००२ साली सरकारनं बीटी कपाशीला मंजुरी दिली. बोंडअळीच्या फवारण्या खरंच कमी झाल्या. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर साध्या सरकीची १२० ग्रॅमची पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. या पुड्या बांधावर पडलेल्या मी कितीदा पाहिल्यात! दोन एकरवाला माणूस अळीला खायला ओळी का लावील? त्यामागचं कारण त्याला कुणी समजावलंच नाही, याचा मला आजही राग येतो.

बीटीचं विष अळीच्या आतड्यातल्या कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाला चिकटतं. त्या प्रथिनाचं जनुक बिघडलं की चिकटत नाही, अळी जगते. पण हे बिघडलेलं जनुक अप्रभावी. आई आणि बाप दोघांकडून आलं तरच ते कामी येतं. साध्या कपाशीवर वाढलेला पतंग अशा वाचलेल्या पतंगाशी जुळला, तर त्यांची पिल्लं बीटीवर मरतात. एवढ्यासाठी ती पुडी होती. हिरव्या अळीचे साधे भाऊबंद हरभऱ्यावर, तुरीवर, टोमॅटोवर वाढतात. पण कपाशीवरची दुसरी बोंडअळी, गुलाबी, जवळपास कपाशीवरच जगते. तिला दुसरं रान नाही.

ही गुलाबी अळी आपल्याकडे जुनीच. १८४३ साली तिचं पहिलं वर्णन झालं ते भडोचच्या कपाशीवरून. २०१० साली गुजरातेत ती बीटीला दाद देत नसल्याचं जाहीर झालं. तोवर दोन जनुकांचं बीजी-२ बाजारात आलं होतं. तेही पुरलं नाही. २०१७च्या हंगामात महाराष्ट्रभर हिरवीगार दिसणारी बोंडं फोडली की आत अळी आणि सडकी सरकी निघत होती.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी बीटीच्या सुरुवातीपासून साध्या कपाशीचं क्षेत्र राखलं, नंतर नपुंसक पतंग सोडले, आणि २०१८ साली ही कीड तिथून संपल्याचं जाहीर झालं. आपल्याकडे मात्र पाण्याची सोय असली की फरदड धरतात, म्हणजे वेचणी संपल्यावरही तीच कपाशी रानात ठेवतात, आणि अळीला उन्हाळ्यापर्यंत खायला मिळतं. डोमकळ्या, म्हणजे अळी लागून न उमललेली फुलं, दिसल्या की तोडून जाळा, कामगंध सापळे लावा, आणि डिसेंबर संपायच्या आत पऱ्हाटी उपटा. फरदडीच्या दोन वेचण्यांसाठी पुढच्या वर्षीची कपाशी घालवू नका.